‘कशातच टिकत नाही’ अशा मुलाच्या आईला

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलाने सोडून दिलेल्या गोष्टींची मोठी यादी आहे. तबला ‘प्रवेशिका पूर्ण’ परीक्षेपर्यंत, मग कोडिंगचा कोर्स, मग सीए फाउंडेशनचा क्लास आणि आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, “आई, बोर होतंय, मला नाही करायचं हे.” त्याचे बाबा त्याला आळशी म्हणतात. तुम्ही विचारता, ज्यात तो कंटाळणार नाही असं एखादं क्षेत्र सुचवा.

ताई, असं क्षेत्र कुठलंच नसतं. प्रत्येक कामात रटाळ भाग असतोच. पण तो नेमका कुठल्या जागी कंटाळतो, हे शोधता येतं आणि क्षेत्र निवडताना मला त्याचाच जास्त उपयोग होतो.

आधी आळसाचं बोलू. आळशी माणसाला काही करायचं नसतं आणि त्याचं त्याला दुःखही नसतं. कंटाळलेल्याला काहीतरी करायचं असतं, पण मन कशातच गुंतत नाही आणि त्याचा त्याला त्रास होतो. मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची फोड साधारण अशीच केली आहे. काहींना हा त्रास इतरांपेक्षा फार लवकर आणि वारंवार होतो. ही प्रवृत्ती मोजण्यासाठी फार्मर आणि सुंडबर्ग यांनी १९८६ मध्ये २८ विधानांची एक चाचणीही तयार केली. म्हणजे हा स्वभावाचा भाग असू शकतो, आणि रागावून तो जात नाही. बाबांना एवढं जरूर सांगा.

शिक्षणाच्या मानसशास्त्रात राइनहार्ड पेक्रुन यांनी दाखवलेली एक गोष्ट मला पालकांशी बोलताना सतत आठवते. अभ्यास फार सोपा झाला तरी कंटाळा येतो, आवाक्याबाहेर गेला तरी येतो, आणि ‘याचं मी करू काय?’ हे कळलं नाही तरी येतो. कारण कुठलंही असो, मुलाच्या तोंडून वाक्य एकच निघतं: बोर होतंय.

आता तुमचीच यादी पुन्हा वाचा. नवे बोल शिकताना तबला त्याला आवडत होता. तोच कायदा, म्हणजे बोलांची तीच ठरावीक रचना, रोज वाढत्या लयीत घोटायची वेळ आली तेव्हा त्याने क्लास बंद केला. कोडिंगही स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालेना तेव्हा सुटलं. दोन्ही ठिकाणी तो अडला, आणि अडल्याची अस्वस्थता त्याला कंटाळ्यासारखी वाटली असावी. बी.कॉम.चं मात्र नेमकं उलटं आहे. अकाउंट्सचा बराचसा भाग त्याने सीएच्या क्लासमध्ये आधीच केलाय, त्यामुळे वर्गात त्याच्या डोक्याला कामच उरलेलं नाही. अडलेल्या मुलाला सोबत बसून तेवढी एक अडचण ओलांडून द्यावी लागते. ज्याला सोपं पडतंय त्याला आणखी अवघड काम द्यावं लागतं. तुम्ही दोन्ही वेळा क्लास बदलून दिलात. प्रेमानेच दिलात, पण त्यामुळे यातलं काहीच साधलं नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय की गणपतीत मंडळाच्या देखाव्याच्या वायरिंगपायी तो रात्र रात्र जागतो, तेव्हा बरा कंटाळत नाही! मला सगळ्या पत्रात हेच वाक्य सर्वांत मोलाचं वाटलं. त्या कामात बिघाड लगेच दिसतो, तो हाताने दुरुस्त करता येतो, तारीख ठरलेली असते आणि कोणीतरी वाट पाहत असतं. लगेच इव्हेंट मॅनेजमेंटकडे धावू नका. कामाची ही घडण यंत्रांच्या देखभालीत आहे, लॉजिस्टिक्समध्ये आहे, आणि कॉमर्स न सोडता ऑडिटमध्येही आहे, जिथे दर काही दिवसांनी नवी कंपनी आणि नवे घोळ समोर येतात. तुमच्या बडोद्याच्या आसपास कारखाने इतके आहेत की अशी कामं जवळून पाहायला लांब जायला नको. फक्त एक बघा: विसर्जनानंतर वायरी गुंडाळणं आणि खर्चाचा हिशेब लिहिणं तो करतो, की दुसऱ्यावर सोपवतो? कारण नोकरीत तोही भाग त्यालाच करावा लागेल.

मोबाइलबद्दल. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर उड्या मारणाऱ्यांना एकच व्हिडिओ बघणाऱ्यांपेक्षा जास्त कंटाळा आला. कंटाळा घालवायला रील सरकवणाऱ्या मुलाला हे रागावून नव्हे, शेजारी बसून सांगा.

एक काळजीही घ्या. मंडळ, मित्र, आवडीचं खाणं यांतूनही त्याचं मन उडालं असेल, झोप बिघडली असेल, किंवा प्राथमिक शाळेपासूनच त्याला एका जागी लक्ष लावणं जड जात असेल, तर करिअरचा विषय बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. बडोद्याच्या सयाजी हॉस्पिटलमध्येही विचारता येईल.

कॉलेज आत्ता मध्येच सोडू देऊ नका. हे वर्ष पूर्ण होऊ द्या. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडण्याची तरतूद आहे. ती त्याच्या अभ्यासक्रमाला कशी लागू होते, हे फॅकल्टीच्या ऑफिसात जाऊन त्यालाच विचारू दे. तोवर आठवड्यातून दोन संध्याकाळी ओळखीच्या सीएच्या ऑफिसात आणि नंतर एखाद्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे त्याला बसता येईल का, ते बघा. कंटाळा आला की त्या वेळी काम सोपं होतं, अडलेलं होतं की बिनकामाचं वाटत होतं, एवढंच त्याने एका वहीत टिपावं. ती वही तुम्ही वाचायची नाही. महिन्याभराने पुढचं पत्र त्याला स्वतःला लिहू द्या, आणि त्या टिपणांतलं जे सांगावंसं वाटेल ते त्यात घालू द्या.