रक्ताचे प्रश्न: 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह', पिवळे डोळे आणि काळी लघवी

सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होऊन लवकर फुटण्याचा आनुवंशिक आजार) आणि त्याच्या जवळच्या आजारांविषयी विदर्भातून आलेली काही पत्रे या वेळी घेतली आहेत.

प्रश्न: मुलीच्या कॉलेजात शिबिर झाले. कागदावर 'सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह' एवढेच लिहून दिले. तिला कसलाही त्रास नाही. सोयरीक ठरत आली आहे. मुलाकडच्यांना सांगावे का? (पवनी तालुका, भंडारा)

सांगावेच. पण आधी त्या कागदाचा अर्थ पक्का करून घ्या. सोल्युबिलिटी ही फक्त चाळणी आहे. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात. रक्तात सिकलसेलचे हिमोग्लोबिन 'एस' असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. हा गढूळपणा वाहकाच्या (आई-वडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेल्याच्या) रक्तातही येतो आणि रुग्णाच्याही. त्यामुळे 'पॉझिटिव्ह' या शब्दावरून मुलगी वाहक आहे की रुग्ण, हे ठरत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी करावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितले तर नमुना पुढे पाठवण्याची सोय होते.

एचपीएलसीच्या कागदावर 'ए' (नेहमीचे हिमोग्लोबिन) आणि 'एस' हे दोन आकडे शोधा. 'ए' जास्त आणि 'एस' साधारण 30 ते 40 टक्के असेल तर मुलगी वाहक, म्हणजे 'एएस'. 'एस' खूप जास्त आणि 'ए' जवळपास नाहीच, तर ती रुग्ण. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले असेल तर दात्याचे रक्त मिसळून आकडे फसवतात, हे तपासणाऱ्याला आधीच सांगा.

त्रास नाही, त्यावरून ती वाहकच असण्याची शक्यता जास्त. वाहक म्हणजे आजारी नव्हे. तिला औषध लागत नाही, शेतीची कामे, नोकरी, बाळंतपण सगळे जमते. कडक उन्हात राबताना पाणी कमी पडू देऊ नये आणि लघवीतून रक्त गेल्यास दाखवावे, एवढेच.

आता मुलाच्या तपासणीकडे या, कारण खरी चूक तिथेच होते. त्याची नुसती सोल्युबिलिटी करू नका, एचपीएलसीच करा. मुलगा थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असेल तर सोल्युबिलिटी निगेटिव्ह येते, घरचे निर्धास्त होतात, आणि पुढे बाळाला सिकल-थॅलेसेमिया होतो. तोही सिकलसेलइतकाच त्रासदायक ठरू शकतो. त्याच्या कागदावर 'ए-टू' (हिमोग्लोबिनचा आणखी एक प्रकार) 3.5 टक्क्यांच्या वर असेल तर थॅलेसेमियाविषयी डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

मुलगा पूर्ण निरोगी निघाला तर लग्न खुशाल करा. मुले वाहक होऊ शकतात, सिकलसेलची रुग्ण होत नाहीत. अशा वेळी केवळ 'वाहक आहे' म्हणून मुलीला नाकारणे हा तिच्यावरचा उघड अन्याय आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब लागत नाही. लग्न झालेच असेल तर पाळी चुकताच डॉक्टरांकडे जा. 11व्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाची तपासणी करता येते. ही सोय मोठ्या केंद्रांतच असते, म्हणून पाचव्या महिन्यात जाग येऊन उपयोग नाही.

प्रश्न: मुलगा 4 वर्षांचा, वजन 14 किलो, 'एसएस' (सिकलसेलचा रुग्ण) आहे. हिमोग्लोबिन 8. डोळे पिवळे राहतात म्हणून काविळीचा झाडपाला देतो, रक्तवाढीचे टॉनिकही चालू आहे. रक्त चढवावे का? (सालेकसा तालुका, गोंदिया)

ही कावीळ यकृताची नाही. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस टिकते, सिकलसेलची 10 ते 20 दिवसांतच फुटते. फुटलेल्या पेशींचा पिवळा रंग डोळ्यांत उतरतो. झाडपाला बंद करा. त्याने पेशी फुटायच्या थांबत नाहीत आणि एखाद्या पाल्याने यकृतालाच इजा होते. पिवळेपणा अचानक वाढला किंवा पोट दुखू लागले तर मात्र दाखवा, पित्ताचे खडे या आजारात लहान वयातही होतात.

टॉनिकही सध्या थांबवा. फुटलेल्या पेशींतले बरेचसे लोह शरीर परत वापरते, आणि पुढे रक्त चढवावे लागले तर प्रत्येक पिशवीतून आणखी 200 मिलिग्रॅमच्या आसपास लोह आत जाते. जास्तीचे लोह बाहेर टाकायची वाट शरीराला नाही, ते यकृतात आणि हृदयात साठते. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) कमी आले तरच लोह. लागते ते फॉलिक अ‍ॅसिड, कारण नव्या पेशी घडवण्यात ते सारखे खर्च होते.

हिमोग्लोबिन 8 म्हणून रक्त चढवू नका. या मुलांचे नेहमीचे हिमोग्लोबिन 7 ते 9 च असते. तुमच्या मुलाचा बरा असतानाचा आकडा कार्डावर लिहून ठेवा. त्याहून 2 ने घसरले तर धोका.

तो धोका घरीच ओळखता येतो. मुलाला उताणे झोपवा, गुडघे थोडे वर घ्या. बेंबीकडून डाव्या बरगडीकडे बोटांनी हळूहळू दाबत जा आणि त्याला श्वास घ्यायला सांगा. बरगडीखाली घट्ट कड बोटांना लागली तर ती पानथरी. रोज पाहाल तर तिचा नेहमीचा आकार हाताला कळतो. ती एकाएकी वाढली, मूल पांढरेफटक पडले, मलूल झाले, तर रक्त पानथरीत अडकले आहे असे समजा आणि रात्र असली तरी निघा.

ताप 101 अंशांच्या वर गेला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पानथरी निकामी होत जाते आणि जंतूंशी लढण्याची ताकद घटते. म्हणूनच या वयात पेनिसिलीनच्या गोळ्या (250 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच वर्षांपर्यंत) आणि न्यूमोकोकसची लस डॉक्टरांना विचारून सुरू करा.

वारंवार हातपाय दुखत असतील तर हायड्रॉक्सियुरिया या दुखणे कमी करणाऱ्या औषधाचे विचारा. मात्रा वजनावर ठरते. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, आणि 'फरक नाही' म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडणारेच जास्त. सुरुवातीला दर महिन्याला रक्त तपासा, पांढऱ्या पेशी घटू शकतात. पाणी दिवसाला सव्वा लिटर तरी जाऊ द्या, मे महिन्यात त्याहून जास्त. तेंदूपत्त्याला जाताना त्याला उन्हात सोबत नेऊ नका. पावसात भिजला तर लगेच कोरडे करा, थंडीनेही दुखणे उठते.

प्रश्न: मलेरियाच्या गोळ्या घेतल्यावर भावाची लघवी काळपट झाली. हाही सिकलसेल का? (एटापल्ली तालुका, गडचिरोली)

बहुधा नाही. जी-6-पीडी हे एन्झाइम कमी असले की प्रायमाक्विन या मलेरियाच्या गोळीने लाल पेशी फुटतात आणि लघवी कोलासारखी दिसते. हा दोष पुरुषांत जास्त आढळतो. गोळी थांबवा, लगेच रुग्णालयात न्या. मूत्रपिंडावर ताण येतो, कधी रक्तही लागते. जी-6-पीडीची तपासणी त्याच आठवड्यात करून विसंबू नका. कमकुवत पेशी फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या नव्या पेशींत एन्झाइम बरे असते, म्हणून अहवाल खोटाच 'नॉर्मल' येतो. तीन महिन्यांनी पुन्हा करा. दोष निघाला तर डॅप्सोन, नायट्रोफ्युरॅन्टॉइन ही औषधे आणि कपड्यांतल्या डांबरगोळ्याही टाळा. हे सगळे मलेरियाच्या कार्डावर लाल शाईने लिहून घ्या.

प्रश्न: वाहकाला अपंगत्वाचा दाखला मिळतो का? (धारणी तालुका, अमरावती)

नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल रुग्णांचा समावेश आहे, वाहकांचा नाही. रुग्णाने अर्जासोबत एचपीएलसीचा अहवाल जोडावा. नुसता सोल्युबिलिटीचा कागद त्यासाठी पुरेसा नाही.