डोळ्यात इंजेक्शन घेताना पेशंटने मास्क लावावा का?

तुम्ही लिहिलंय की मधुमेहामुळे आईच्या डोळ्याच्या पडद्यावर सूज आहे आणि पुढच्या आठवड्यात डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरलंय. मास्क लावला की तिच्या चष्म्यावर वाफ धरते, मग तोंडातली तीच हवा डोळ्यापर्यंत जाऊन जंतुसंसर्ग होणार नाही का, हा तुमचा प्रश्न. अगदी रास्त शंका आहे. मी डोळ्यांच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नर्स आहे आणि अशी इंजेक्शनं रोजच बघते.

मास्क असू द्या, पण त्याची नाकावरची कड मायक्रोपोरच्या पट्टीने त्वचेला चिकटवून घ्या. या गालापासून त्या गालापर्यंत, मधे फट न ठेवता. सैल मास्कमधून श्वास वरच्या बाजूने सुटतो. २०२० साली थर्मल कॅमेऱ्याने केलेल्या एका अभ्यासात मास्कमधून डोळ्यांकडे जाणारी ही हवा स्पष्ट दिसली होती. पुढे अमेरिकेत पाच लाखांहून जास्त इंजेक्शनांची नोंद तपासली, तेव्हा सगळ्यांनी मास्क लावायला लागल्यावर संसर्ग वाढल्याचं आढळलं नाही. तेव्हा मास्कमुळे घाबरू नका, फक्त ती फट बुजवा. पट्टी लावायला कोणी विसरलं तर आईने किंवा तुम्ही बिनधास्त आठवण करा. चांगल्या ओटीत त्याचा कोणाला राग येत नाही. आणि मास्क त्या दिवशी नवा, कोरडा हवा. बसमधून येताना घातलेला नको.

खरा धोका बोलण्याचा आहे, आणि तो डॉक्टर-नर्सकडूनही तितकाच. तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू डोळ्यात शिरले तर नजर फार लवकर जाते, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या संसर्गापेक्षा इंजेक्शननंतरच्या संसर्गात ते जवळपास तिपटीने जास्त सापडतात. म्हणून डोळा उघडा असताना कोणीच बोलायचं नाही. पेशंट घाबरून "झालं का हो?" विचारतात, ते मला कळतं. आईला आधीच सांगून ठेवा: काही त्रास झाला तर हात वर कर, बोलू नकोस. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं तरी हाताने खूण कर, सुई लागायच्या आत डॉक्टर थांबतील. सर्दी-खोकला जोरात असेल, डोळ्याला चिपडं येत असतील किंवा रांजणवाडी झाली असेल तर तारीख पुढे ढकलण्याबद्दल आधीच फोन करून विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बेटाडीन, म्हणजे आयोडीन असलेलं जंतुनाशक. संसर्ग टाळण्यात याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. डोळ्यासाठीचं ५ टक्क्यांचं द्रावण घालतात आणि ते निदान अर्धा मिनिट तरी डोळ्यात राहू देतात. झोंबतं. तरी "लवकर धुवा" म्हणून घाई करू नये. कोळंबी खाल्ली की अंगावर पित्त उठतं म्हणून बेटाडीन चालणार नाही, असं बरेच जण सांगतात, पण त्या दोन गोष्टींचा संबंध नाही. बेटाडीननेच पूर्वी रिअॅक्शन आली असेल तर मात्र जरूर सांगा, त्याला पर्याय आहे. घरातली जखमेची बेटाडीनची बाटली डोळ्यासाठी कधीच वापरू नका.

पापण्यांचे केस बाजूला राहावेत म्हणून क्लिप लावतात. त्यानंतर डोळ्याला हात लावायचा नाही. काजळ, सुरमा आदल्या दिवसापासूनच बंद.

हजारो इंजेक्शनांमागे एखाद्यालाच असा संसर्ग होतो. पण झाला तर तास मोजावे लागतात. पहिल्या दिवशीची चुरचुर आणि पांढऱ्या भागावरचा लाल डाग चालतो. नंतरच्या आठवडाभरात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर, दुखणं वाढत गेलं, नजर धूसर व्हायला लागली किंवा उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी इंजेक्शन दिलेल्या दवाखान्यात जा, रविवार असला तरी. मेडिकलमधून थेंब आणून वाट पाहू नका, अशा वेळी अँटिबायोटिक थेट डोळ्याच्या आत द्यावं लागतं. तातडीचा फोन नंबर घरी निघायच्या आधीच मागून घ्या.