संत नामदेव आणि विष्णुदास नामा एकच का?

नाही, दोघे वेगळे. मी सोलापूरचा. आमच्याकडे एकादशीला 'येई हो विठ्ठले' ही आरती होते. शेवटच्या कडव्यात 'विष्णुदास नामा' आला की लहानपणी मलाही हाच प्रश्न पडायचा.

संत नामदेव (१२७०–१३५०) ज्ञानेश्वरांचे सांगाती. पंढरपुरात महाद्वारातली नामदेव पायरी त्यांचीच. वारकरी तिच्यावर पाय ठेवत नाहीत, वाकून हात लावतात आणि तोच हात कपाळाला लावतात. पंजाबातल्या घुमानलाही त्यांचं मंदिर आहे आणि गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. विष्णुदास नामा त्यांच्यानंतर दोनशेहून जास्त वर्षांनी, एकनाथांच्या काळात झाला. त्याने महाभारत मराठी ओवीत आणलं. हे फार मोठं काम, पण नावाच्या गोंधळात त्याचं श्रेय झाकलं गेलं, याचं मला वाईट वाटतं.

घोळ नाममुद्रेचा, म्हणजे रचनेच्या शेवटी कवी स्वतःचं नाव घालतो त्याचा आहे. संत नामदेवही स्वतःला 'विष्णुदास' म्हणवत, त्यामुळे गाथेत दोघांच्या रचना मिसळल्या. म्हणून नुसत्या मुद्रेवरून कर्ता ठरवू नका, भाषा किती जुनी आहे तेही बघा.

तिसरे कवी नामदेव म्हणजे ढसाळ (१९४९–२०१४), दलित पँथरचे. त्यांची मात्र कुणाशी गल्लत होत नाही.