इमारत पाडून ऊर्जा वाचते का?

प्रश्न : आमची सोसायटी १९८८ सालची, तीन मजली, बिनलिफ्टची आहे. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्त्याच सुचवल्या आहेत. तरीही नव्या ‘ग्रीन’ इमारतीत विजेची २० टक्के बचत होईल, म्हणून पुनर्विकासच पर्यावरणाच्या हिताचा आहे, असे बिल्डर सांगतात. हे पटण्याजोगे आहे का?
– एक सभासद, कोथरूड, पुणे

उत्तर : निव्वळ ऊर्जेच्या हिशेबाने पाहिले तर नाही. बिल्डरांचा हिशेब आपण नव्या घरात राहायला गेल्यावर सुरू होतो. तोवर सिमेंटच्या कारखान्यात, पोलादाच्या भट्टीत आणि वीटभट्टीवर जे इंधन जळून गेलेले असते, ते त्यात धरलेलेच नसते. एकट्या सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व्यंकटराम रेड्डी आणि जगदीश यांच्या २००३ सालच्या अभ्यासात बहुमजली आर.सी.सी. इमारतीच्या साहित्यापोटी दर चौरस मीटरला ४.२१ गिगाज्यूल ऊर्जा लागल्याचे दिसते. या दराने ६० चौरस मीटरच्या सदनिकेत सुमारे २५० गिगाज्यूल ऊर्जा आधीच गुंतलेली असते.

आता समजा, आपल्या घरात महिन्याला १५० युनिट वीज लागते. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण १० मेगाज्यूल (हजार मेगाज्यूल म्हणजे एक गिगाज्यूल) उष्णता खर्ची पडते, म्हणजे वर्षाला १८ गिगाज्यूल. त्यात २० टक्के बचत झाली तर वर्षाला ३.६ गिगाज्यूल वाचतील आणि बांधकामाची ऊर्जा फिटायला जवळजवळ ७० वर्षे लागतील. शिवाय लिफ्ट, पाण्याचे पंप आणि पार्किंगमधले दिवे हा खर्च वेगळाच. (विक्रीसाठीच्या जादा सदनिका मात्र एरवीही कुठेतरी बांधल्या गेल्याच असत्या, त्यामुळे त्यांचा भार आपल्या निर्णयावर टाकणे योग्य नव्हे.)

इमारतीच्या आयुष्यभराच्या ऊर्जेपैकी ८० ते ९० टक्के वापरातच जाते, असा दाखला कदाचित आपल्याला दिला जाईल. तो खोटा नाही, पण त्यामागच्या अभ्यासांत थंड देशांतली, हिवाळाभर तापवावी लागणारी घरे बरीच आहेत. पुण्यात हा खर्च नसल्याने बांधकामाचा वाटा साहजिकच वाढतो.

वीज वाचवण्यासाठी इमारत पाडण्याची गरजही नाही. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज दहा तास चालणारे तीन पंखे बदलले तर महिन्याला ४० युनिट वाचतात, म्हणजे बिल्डर सांगतात त्याहून जास्त. वरच्या मजल्यावरील सभासदांसाठी गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग आणि पश्चिमेच्या खिडक्यांवर पुरेसे खोल छज्जे हे उपायही करण्यासारखे आहेत.

खांबांतील सळ्या गंजून इमारत धोकादायक झाली असती, तर हा सारा हिशेब बाजूला ठेवावा लागला असता. तीस वर्षांवरील इमारतीचे ऑडिट सोसायटीच्या उपविधींनुसार दर तीन वर्षांनी करायचे असते, ते चुकवू नये. पुढे कधी पुनर्विकास करावाच लागला, तर फ्लाय अॅश (औष्णिक केंद्रातील राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतील मळी) मिसळलेले सिमेंट वापरण्याची आणि अॅल्युमिनियम-काचेचा दर्शनी थाट टाळण्याची अट घालावी; बंगळूरच्या वरील अभ्यासानुसार किलोमागे अॅल्युमिनियमला पोलादाच्या पाचपटीहून अधिक ऊर्जा लागते. भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी ‘इको निवास संहिता २०१८’ने (निवासी इमारतींसाठीची केंद्राची ऊर्जा-बचत संहिता) दर चौरस मीटरला १५ वॅट ही कमाल मर्यादा ठरवली आहे, आपल्या इमारतीचा हा आकडा किती येणार, हे विकसन करारनाम्यातच लिहून घ्यावे.