सिद्धतेची लांबी का मोजायची?

तुमचा प्रश्न असा: "तर्कशास्त्रात एखादं विधान सिद्ध झालं की विषय संपतो. मग सिद्धता लांब की आखूड, याचा संगणकाच्या पी-एनपी प्रश्नाशी काय संबंध?"

मी जळगाव जिल्ह्यात बीएस्सीच्या मुलांना गणित शिकवतो. हा प्रश्न वर्गात दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी विचारतंच, आणि मला त्याचा दरवेळी आनंद होतो. पी-एनपी प्रश्न थोडक्यात असा: ज्याचं उत्तर पटकन तपासता येतं, ते पटकन शोधताही येतं का? उत्तर आजोळच्या अंगणातून सुरू करतो.

अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आम्ही सगळी भावंडं अमळनेरजवळच्या गावी जमायचो. रात्री अंगणात खाटा टाकायच्या. पोरं अकरा, खाटा दहा. आजी ओट्यावरून एकदा नजर फिरवायची आणि म्हणायची, "एक खाट कमी शे." कोणाला कुठे झोपवायचं हे न बघताच तिला कळायचं. पोरं मोजली, खाटा मोजल्या, झालं.

पुस्तकात याला पिजनहोल प्रिन्सिपल म्हणतात. आता आजीचं हे एक वाक्य 'आहे', 'नाही' आणि 'किंवा' एवढ्याच शब्दांत मांडून बघा. प्रत्येक पोर आणि प्रत्येक खाट यांच्या जोडीला एक चल: 'हे पोर या खाटेवर आहे'. झाले ११० चल. प्रत्येक पोराला कुठली ना कुठली खाट मिळालीच पाहिजे, ही ११ वाक्यं. एका खाटेवर कोणतेही दोघं नकोत. दर खाटेला ५५ जोड्या, म्हणून ५५० वाक्यं. एकूण ५६१. ही सगळी एकदम खरी असू शकत नाहीत, हे सिद्ध करायचं.

सिद्ध करायला नियम कोणते मिळणार? रिझोल्यूशन नावाच्या पद्धतीत एकच नियम आहे. दोन खाटांपुरतं बघू. 'अ पहिल्या खाटेवर आहे किंवा दुसऱ्या' हे एक वाक्य. 'अ पहिल्यावर नाही किंवा ब पहिल्यावर नाही' हे दुसरं. दोन्हींतून 'अ पहिल्यावर' हा तुकडा छाटला की उरतं: 'अ दुसऱ्यावर आहे किंवा ब पहिल्यावर नाही.' असं छाटत छाटत रिकामं वाक्य हाती आलं की विसंगती सिद्ध. अशी वाक्यं एकदम खरी होऊ शकतात का, हा सॅट प्रश्न; तो सोडवणारे आजचे बहुतेक प्रोग्रॅम, म्हणजे सॅट सॉल्व्हर, मुळात हेच करतात.

१९८५ मध्ये आर्मिन हाकेनने दाखवलं, की पोरं-खाटांच्या या विधानाची सर्वांत आखूड रिझोल्यूशन सिद्धतासुद्धा पोरांच्या संख्येबरोबर घातांकी वेगाने, म्हणजे पटीपटीने, वाढते. कितीही हुशार प्रोग्रॅम लिहा, त्या एका नियमाने छाटायचं तर सुटका नाही. मी हे स्वतः करून पाहिलं आहे. एका साध्या सॉल्व्हरला सात पोरं, सहा खाटा दिल्या, उत्तर तत्काळ आलं. मग एकेक पोर आणि एकेक खाट वाढवत गेलो, तसा वेळ पटीपटीने वाढला. शेवटचं गणित रात्री लावून झोपलो, सकाळी चहा झाला तरी लॅपटॉपचा पंखा घोंगावतच होता. आजीला मात्र एक नजर पुरायची!

फरक एवढाच, की आजीला मोजता येत होतं. १९८७ मध्ये सॅम बसने सिद्ध केलं, की फ्रेगे पद्धतीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकी तर्कात, याच विधानाच्या बहुपदी लांबीच्या सिद्धता आहेत, म्हणजे पोरांच्या संख्येच्या वर्ग-घनासारख्या एखाद्या ठरावीक घाताच्या बेतानेच वाढणाऱ्या. तिथे मधल्या पायऱ्यांत मोठी सूत्रं वापरता येतात, त्यांतून बेरीज मांडता येते, आणि मग मोजणी सिद्धतेच्या आतच होते. पण 'आणि-किंवा'चे थर ठरावीकच ठेवायचे म्हटलं, तर बहुपदी लांबी पुन्हा पुरत नाही. हे १९८८ मध्ये मिक्लोश आयताईने दाखवलं. 'आणि-किंवा'च्या मोजक्या थरांनी बनलेल्या सर्किटांनाही मोजणी पेलत नाही, हे संगणकशास्त्रात त्याआधीच सिद्ध झालं होतं. एकाच अशक्तपणाची ही दोन रूपं आहेत, आणि माझ्या मते या विषयातली सर्वांत सुंदर जागा हीच.

आता पी-एनपी. स्टीफन कुकचा १९७१ चा जो शोधनिबंध सॅट प्रश्नामुळे गाजला, त्याचा विषयच होता प्रमेयं सिद्ध करण्याच्या पद्धतींची गुंतागुंत. १९७९ मध्ये कुक आणि रॉबर्ट रेकॉव यांनी नेमका दुवा लिहून ठेवला: प्रत्येक सर्वसत्य (कुठल्याही परिस्थितीत खऱ्याच ठरणाऱ्या) विधानाला बहुपदी लांबीची सिद्धता देणारी एखादी पद्धत असेल, तरच एनपी ('हो' या उत्तराचा आखूड पुरावा असणारे प्रश्न) आणि को-एनपी ('नाही'चा आखूड पुरावा असणारे) एक. अशी पद्धत नाहीच असं सिद्ध झालं, तर पी (पटकन सुटणारे प्रश्न; तिथे 'हो' आणि 'नाही' सारखेच सोपे) आणि एनपी वेगळे हेही आपोआप ठरतं. म्हणून लोक एकेक पद्धत घेऊन तिची मर्यादा शोधतात. रिझोल्यूशन पडलं, ठरावीक थरांचं फ्रेगे पडलं. पूर्ण फ्रेगेपाशी गाडी अडली आहे: तिथे बहुपदीपेक्षा लांब सिद्धता लागतेच असं एकही विधान आजवर कोणाला दाखवता आलेलं नाही.

लांबीचा हा प्रश्न तर्कशास्त्रज्ञ गोडेलला त्याआधीच पडला होता. मार्च १९५६ मध्ये त्याने आजारी असलेल्या गणितज्ञ फॉन नॉयमनला पत्र लिहून विचारलं, की एखाद्या सूत्राला 'न' एवढ्या (न ही एखादी संख्या) लांबीची सिद्धता आहे का, हे ठरवायला यंत्राला किती पायऱ्या लागतील? 'न' किंवा 'न'चा वर्ग यांच्या आसपास भागलं, तर 'हो की नाही' अशा प्रश्नांसाठी गणितज्ञाचं डोकं शिणवायची गरज उरणार नाही, असं त्याचं म्हणणं. विधान खरं आहे का यावर तो थांबला नाही, ते कळायला लागणारा वेळ त्याने विचारला.

तुम्हाला हे हाताने अनुभवायचं असेल तर चार पोरं आणि तीन खाटा घ्या. १२ चल, २२ वाक्यं. वहीची दोन पानं कोरी ठेवा आणि फक्त छाटणीच्या नियमाने रिकाम्या वाक्यापर्यंत पोचा. कुठल्या पायरीवर अडलात ते इथेच कळवा, मी पुढची पायरी लिहून देतो.