मोरीच्या ओलीत दरवर्षी फुलणारं काय लावू?

धुळ्यात घरामागे मोरीचं पाणी मुरतं, काळी जमीन बारमाही ओली असते, तिथे एकदा लावलं की दरवर्षी फुलेल असं काय, असं तुम्ही विचारलंय. कर्दळ लावा.

मी यावलकडचा. आमच्या मोरीच्या तोंडाशी कर्दळीचं बेट वीसेक वर्षांपासून आहे. केळीच्या गावात ही खोटी केळी कशाला लावली, म्हणून लोक हसायचे. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की पानांच्या कडा करपतात, पण मुळाशी ओल असेल तर ती फुलतच राहते. सोनटक्काही लावून पाहिला, वासाच्या मोहाने. एप्रिलातच पानं भाजून निघाली. भिंतीची सावली असेल तरच त्याच्या नादी लागा.

लावताना मात्र मी केली ती चूक करू नका. ऐन पावसाळ्यात ताजे कापलेले कंद वीतभर खोल पुरले होते. पंधरा दिवसांनी उकरलं तर बोटांना नुसता लगदा लागला, वर कुजका वास. कर्दळ पाण्यात उभी राहते हे खरं, सांडपाणी शुद्ध करायच्या वाफ्यांतही ती मुद्दाम लावतात. पण आधी तिला मुळं धरू द्यावी लागतात. म्हणून दोन-तीन डोळ्यांचा तुकडा घ्या, काप दोन दिवस सावलीत सुकू द्या. शेणखत मिसळून चार बोटं उंच वरंबा करा आणि त्यात डोळे वर ठेवून ३-४ इंच खोल लावा. दोन तुकड्यांत दीड-दोन फूट अंतर हवं, बेट फार झपाट्याने पसरतं.

फुलून गेलेला दांडा बुडापासून कापा, शेजारून नवा कोंब येतोच. पान सुरळीसारखं चिकटलेलं दिसलं तर उलगडा, आत अळी असते. चिमटीत धरून काढली की झालं, फवारणी नको.

जवळपास केळीची बाग असेल तर एक सांभाळा. केळीवरचा हरण्या रोग कर्दळीवरही येतो आणि मावा तो पसरवतो. पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड कंदासकट उपटून जाळा.

अंघोळीचं पाणी चालतं. फरशी धुवायचं ॲसिड तेवढं दुसरीकडे वळवा.

आणि कंद विकत घेऊ नका. ज्याच्या दारात कर्दळ आहे तो पाटीभर आनंदाने देईल, त्याला जागा मोकळी करायचीच असते.