कॉन्फरन्सला जाऊन शिकायला काय मिळतं?

प्रश्न: मी तालुक्याचा बातमीदार, शोध पत्रकारांची जागतिक कॉन्फरन्स असते असं ऐकलंय. तिथं नुसती भाषणंच असतात का? आणि खर्चाचं काय?

उत्तर: भाषणं असतात हो, पण खरा माल वर्कशॉपमध्ये. ही ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम कॉन्फरन्स 2001 ला कोपनहेगनमध्ये सुरू झाली, साधारण दर दोन वर्षांनी भरते, 2023 ला स्वीडनच्या गोथेनबर्गला होती आणि 2025 ला क्वालालंपूरला. तिथं लॅपटॉप उघडून बसायचं आणि शिकवणारेही पत्रकारच, म्हणजे एक्सेलमध्ये टेंडरचा डेटा कसा चाळायचा, कंपनीचा खरा मालक कागदपत्रांतून कसा हुडकायचा, सॅटेलाइट फोटोवरून नदीतला वाळूउपसा कसा पकडायचा, डिलीट केलेलं वेबपेज जुन्या आर्काइव्हमधून कसं काढायचं, असलं सगळं. वाळूचं तर आपल्याकडं लगेच कामाला येईल, नाही का! सोर्सचं नाव फोनमधून फुटू नये म्हणून काय करायचं, ते सेशन मात्र अजिबात चुकवू नका.

खर्चाचं म्हणाल तर विकसनशील देशांतल्या पत्रकारांसाठी फेलोशिप असते, त्यात विमान आणि हॉटेल दोन्ही येतं, पण अर्ज भरपूर येतात, त्यामुळे तुमची छापून आलेली दोन-तीन दणदणीत कामं आधीच इंग्रजीत सारांश करून ठेवा.